मशीन नक्की कुठल्या डिस्कवरून सुरू झालंय, हे चालू असतानाच कसं ओळखायचं?

टॉवेलवाला
नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे. ऑफिसात एक जुना डेस्कटॉप, त्यावर उबुंटू लिनक्स. बिलं, पगारपत्रक, सुताचा हिशेब, सगळं त्याच्यावरच. आत ३२० जीबीची हार्ड डिस्क होती. बटण दाबून मी चहा सांगायचो आणि चहा आधी यायचा, इतका वेळ घ्यायचं.

दिवाळीनंतर ४८० जीबीची एसएसडी घेतली. दुकानदारानं जुन्या डिस्कचं जसंच्या तसं क्लोन करून दिलं. म्हणाला, "जुनी पण आतच राहू द्या, बॅकअप म्हणून." राहू दिली.

आता पंधरा दिवस झाले. वेग तोच. चहा अजूनही आधी येतो. मधेच एखाद्या दिवशी मात्र मशीन असं पळतं की विचारू नका, आणि दुसऱ्या दिवशी परत बैलगाडी. मला शंका आहे की ते अजून जुन्याच डिस्कवरून उठतंय. चालू मशीनला विचारून हे कळतं का? रात्री घरून एसएसएचनं (दुरून टर्मिनल उघडायची सोय) आत जाता येतं. दिवसा बिलिंग चालू असतं, डबा उघडायला दिवाणजी देत नाहीत.

शेंगाचटणी
डबा उघडा, जुनीची केबल उपटा, बटण दाबा. चालू झालं तर एसएसडी, नाही झालं तर जुनी. विषय संपला.

टॉवेलवाला
प्रश्न शेवटपर्यंत वाचा की ओ. डबा उघडता आला असता तर इथं कशाला आलो असतो?

जुळेसोलापूरकर
सोप्पंय. टर्मिनलमध्ये 'फाइंडएमएनटी', एक जागा सोडून तिरकी रेघ. (या मंचावर रोमन चालत नाही म्हणून उच्चार लिहितोय, तुम्ही अक्षरं जुळवून घ्या.) तिरकी रेघ म्हणजे मूळ फाइल सिस्टम. ती डिस्कच्या कुठल्या पार्टिशनवरून (भागावरून) चढवलीय, म्हणजे माउंट केलीय, ते 'सोर्स'च्या रकान्यात येतं. 'डीएफ' आणि तिरकी रेघ टाकली तरी तेच.

टॉवेलवाला
आलं. '/डेव्ह/एसडीए२'. ए म्हणजे पहिली ना? दुकानदार म्हणाला होता की एसएसडी पहिल्या पोर्टला लावलीय. म्हणजे एसएसडीवरूनच चाललंय? मग ही बैलगाडी कशामुळं?

कडकभाकरी
थांबा, थांबा. एसडीए, एसडीबी ही नावं म्हणजे लग्नाच्या पंगतीतली जागा. जो आधी येऊन बसला तो ए. कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) जी डिस्क आधी सापडते तिला ए मिळतं, उद्या क्रम बदलला तर नावंही बदलतात. पोर्ट पहिलं असलं म्हणून ए मिळेलच याची खात्री नाही. यूएसबीचा पेनड्राइव्हसुद्धा एसडी-कायतरी होतो, त्यामुळं नावावरून जातही कळत नाही. एनव्हीएमई असती तर नाव 'एनव्हीएमई०एन१' आलं असतं, मेमरी कार्ड असतं तर 'एमएमसीबीएलके०'. तिथं निदान कुळ तरी कळतं.

'एलएसबीएलके' चालवा. पुढं डॅश ओ देऊन हे रकाने मागा: नेम, मॉडेल, साइझ, ट्रॅन, रोटा, माउंटपॉइंट. रोटामध्ये १ आलं तर आत फिरणारी तबकडी आहे, ० आलं तर नाही. ट्रॅनमध्ये डिस्क कशी जोडलीय, साटा (डब्यातली केबल) की यूएसबी, ते येतं. यूएसबीच्या डब्यात घातलेल्या डिस्कच्या बाबतीत रोटा कधीकधी खोटं बोलतं, पण तुमच्या दोन्ही साटावर आहेत, तेव्हा भरवसा ठेवा.

टॉवेलवाला
एसडीए: २९८.१ जी, रोटा १, माउंट तिरकी रेघ.
एसडीबी: ४४७.१ जी, रोटा ०, माउंट काहीच नाही.

म्हणजे शंका खरी! जुनीवरच चाललंय आणि साडेतीन हजारांची एसएसडी शेजारी बसून हवा खातीय. आणि ३२० चे २९८ कसे झाले? ४८० तले ३३ कुठं गेले?

शेंगाचटणी
दुकानदारानं चवीला काढून घेतले असतील. हुरड्याच्या दिवसांत तेवढं चालतं.

कडकभाकरी
दुकानदाराचा दोष नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, एलएसबीएलके १०२४ च्या पटीत. माल तेवढाच, वजनमाप वेगळं.

निशिगंधा_सातरस्ता
जरा विषयांतर. विंडोजवर हे कसं बघायचं? माझ्याकडं पण दोन डिस्क आहेत.

जुळेसोलापूरकर
ताई, डिस्क मॅनेजमेंट उघडा. पार्टिशनच्या खाली कंसात 'सिस्टिम', 'बूट' असं लिहिलेलं दिसेल. पॉवरशेलमध्ये 'गेट-डिस्क' करून 'इझबूट' आणि 'इझसिस्टिम' हे दोन गुण बघितले तरी कळतं. पण एक लक्षात ठेवा, मायक्रोसॉफ्टची नावं उलटी आहेत. ज्या पार्टिशनवर बूट करणाऱ्या फायली असतात त्याला ते 'सिस्टिम' म्हणतात, आणि ज्याच्यावर अख्खं विंडोज असतं त्याला 'बूट'. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणलं आपलंच डोकं फिरलंय.

निशिगंधा_सातरस्ता
बघितलं. सिस्टिम एका डिस्कवर, बूट दुसऱ्या. हे बरोबर आहे का बिघडलंय?

जुळेसोलापूरकर
चालतं. फक्त पहिली डिस्क जुनी झाली म्हणून काढून विकू नका, दुसऱ्या दिवशी विंडोज उठणार नाही.

कुर्डुवाडी_जंक्शन
निशिगंधाताईंच्या मशीननं नेमकं दाखवून दिलं की धाग्याचा प्रश्न एक नाही, तीन आहेत. टॉवेलवाल्यांना फक्त तिसऱ्याचं उत्तर मिळालंय.

आमच्या भाषेत सांगतो. माणूस सोलापुरातून गाडीत बसला, कुर्डुवाडीला उतरला, तिथून दुसऱ्या गाडीनं पंढरपूरला गेला. पंढरपुरात उतरल्यावर कुणी विचारलं, "कुठल्या गाडीनं आलास?" तर तो दुसऱ्याच गाडीचं नाव सांगणार. खोटं बोलत नाही तो, पण सोलापुरातून कुठल्या गाडीत चढला ते त्यात येत नाही.

मशीनचंही तसंच. पहिला प्रश्न, बटण दाबल्यावर फर्मवेअरनं (मशीनमध्ये सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्राम) कुठल्या डिस्कवरचा बूटलोडर (सिस्टम उठवणारा छोटा प्रोग्राम) उचलला? दुसरा, त्या बूटलोडरनं कर्नल आणि इनिटरॅमएफएस (सुरुवातीपुरतं लागणाऱ्या फायलींचं गाठोडं) कुठून वाचलं? तिसरा, कर्नल उठल्यावर मूळ फाइल सिस्टम कुठून चढवली? बहुतेक मशीनवर तिन्हीचं उत्तर एकच असतं, म्हणून लोकांना फरक कळत नाही. दोन डिस्क आल्या की कुर्डुवाडी येते.

फाइंडएमएनटी पंढरपूरचं स्टेशन सांगतं. बस.

शेंगाचटणी
कुर्डुवाडीवाल्यांना प्रत्येक धाग्यात कुर्डुवाडी आणायला मिळाली की जेवण गोड लागतं :)

डॉस_काळातला
जंक्शनरावांचं बरोबर आहे, आणि यामागं कारण आहे. जुन्या बायॉसच्या (फर्मवेअरचा जुना प्रकार) मशीनवर बायॉस डिस्कचं पहिलं सेक्टर मेमरीत आणायचा. ५१२ बाइट, शेवटचे दोन ५५ आणि एए, म्हणजे हे सेक्टर बूट करण्यालायक आहे अशी खूण. आणि उडी मारताना प्रोसेसरच्या डीएल नावाच्या रजिस्टरमध्ये डिस्कचा नंबर ठेवायचा. पहिली हार्ड डिस्क म्हणजे हेक्समध्ये ८०, दुसरी ८१, फ्लॉपी ०. म्हणजे 'मी कुठून आलो' याचं उत्तर त्या क्षणी एका बाइटात हजर असायचं.

पुढं काय होतं? बूटलोडर तो बाइट वापरतो. लिनक्सचा कर्नल उठला की तो बायॉसला विचारणं सोडतो आणि आपले ड्रायव्हर घेऊन डिस्क नव्यानं शोधतो. बायॉसची '८०' आणि कर्नलची 'एसडीए' एकच, असं कुणी लिहून दिलेलं नाही. हे जोडायला ईडीडी नावाची सोय आहे, '/सिस/फर्मवेअर/ईडीडी'मध्ये 'इंट१३_डेव्ह८०' असे फोल्डर दिसतात आणि त्यात त्या डिस्कच्या एमबीआरवरची (म्हणजे त्याच पहिल्या सेक्टरवरची) सही, एक ओळख-नंबर. सगळ्या मशीनवर ते मिळत नाही.

डॉसमध्ये आम्हाला हे थेट विचारता यायचं. डॉस ४ पासून इंटरप्ट २१, फंक्शन ३३०५. डीएलमध्ये १ आला तर ए ड्राइव्ह, ३ आला तर सी. तेव्हा मशीन सांगायचं, आता मशीनला जासूस लावावा लागतो.

निशिगंधा_सातरस्ता
कुठल्या बुटातून आलो हे ओळखायचं असेल तर गड्ड्याच्या (संक्रांतीच्या जत्रेच्या) दिवसांत सिद्धेश्वर मंदिराबाहेर उभं राहा. माझ्या भावाचे गेल्या संक्रांतीला बदलून आले, तेही दोन्ही डाव्या पायाचे.

शेंगाचटणी
म्हणजे फाइंडएमएनटीनं बरोबर सांगितलं, पण बूट दुसऱ्याचे.

कडकभाकरी
मूळ मुद्द्यावर. टॉवेलवाले, '/सिस/फर्मवेअर'मध्ये 'ईएफआय' नावाचा फोल्डर आहे का बघा. असेल तर मशीन यूईएफआयनं (फर्मवेअरचा नवा प्रकार) उठलंय आणि जासुसी सोपी आहे. 'ईएफआयबूटएमजीआर', पुढं डॅश व्ही. वर 'बूटकरंट' म्हणून चार आकडे येतील. खाली यादीत त्याच आकड्यांची ओळ शोधा. तिच्यात 'एचडी' आणि कंसात पार्टिशनचा जीयूआयडी (ओळख-नंबर) असतो, पुढं कुठली फाइल चालवली ते. तो जीयूआयडी 'एलएसबीएलके'च्या 'पार्टयूयूआयडी' रकान्याशी जुळवा. जंक्शनरावांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथं मिळेल.

टॉवेलवाला
ईएफआयचा फोल्डर आहे. बूटकरंट ०००१, त्या ओळीत उबुंटू. जीयूआयडी जुळवला.

पण तो दोन्ही डिस्कच्या पहिल्या पार्टिशनवर सारखाच आहे. एक अक्षरसुद्धा वेगळं नाही. मी तीनदा बघितलं, चष्मा पुसून.

कडकभाकरी
अरे देवा. क्लोन! हे आधीच डोक्यात यायला हवं होतं.

बाइटला बाइट नक्कल केली की आतले नंबरसुद्धा तसेच उतरतात. पार्टिशनचा जीयूआयडी तोच, फाइल सिस्टमचा यूयूआयडीही तोच. जुळ्या भावांचं एकच आधार कार्ड. आता '/प्रोक/सीएमडीलाइन' उघडून वाचा, त्यात 'रूट बरोबर यूयूआयडी' असं काहीतरी असणार.

टॉवेलवाला
हो, तसंच आहे. 'बूट_इमेज' म्हणून कर्नलचं नाव, मग 'रूट=यूयूआयडी=' आणि लांबलचक नंबर.

कडकभाकरी
मग तुमच्या कर्नलला सांगितलंय, "या नंबरची फाइल सिस्टम चढव." नंबर दोघांचा सारखा, तर त्याच्या हाताला जी लागेल ती चढते. एक्सएफएस प्रकारची फाइल सिस्टम असती तर एक चढलेली असताना तोच यूयूआयडी असलेली दुसरी चढवायला तिनं नकार दिला असता. ईएक्सटी४ तसं काही विचारत नाही. बीटीआरएफएस असती तर मी तुम्हाला आत्ता फोन केला असता, तिथं अशा जुळ्यांनी डेटा खराबही होऊ शकतो.

आणि डिस्क कुठल्या क्रमानं सापडतील ते रोज सारखं असेलच असं नाही. म्हणजे आज जुनी, उद्या एसएसडी...

टॉवेलवाला
थांबा. थांबा.

एक गोष्ट सांगायची राहिली, कारण ती याच्याशी जोडलेली असेल असं वाटलंच नव्हतं. मागच्या गुरुवारी दिवाणजी म्हणाले, "साहेब, कालपर्यंतची बिलं दिसेनात." मी त्यांच्यावर ओरडलो, म्हणलं तुम्हीच कुठंतरी भलतीकडं सेव्ह केली असणार. शुक्रवारी सकाळी मशीन चालू केलं तर बिलं परत जागेवर! मग दिवाणजी म्हणायला लागले, गुरुवारची नाहीत. मी म्हणलं, तुमचं वय झालं.

गुरुवारी मशीन पळत होतं.

शेंगाचटणी
ओ मालक!!

जुळेसोलापूरकर
दिवाणजींचे पाय धरा आधी.

निशिगंधा_सातरस्ता
अंगावर काटा आला वाचून.

कुर्डुवाडी_जंक्शन
म्हणजे तुमचा धंदा पंधरा दिवस दोन खातेवह्यांत चाललाय, आणि रोज सकाळी कुठली वही उघडायची ते चिठ्ठी टाकून ठरतंय. कृपा करून आता काही पुसू नका, काही 'दुरुस्त' करू नका. दोन्ही वह्यांत खरी बिलं आहेत.

वनमाला
मी सहसा वाचतेच, पण इथं बोलायला हवं. दोन्ही डिस्कवर कोणत्या कोणत्या दिवशी मशीन उठलं ते काढता येतं. 'जर्नलसीटीएल', पुढं दोन आडव्या रेघा आणि 'लिस्ट-बूट्स'. सुरू झालेल्या प्रत्येक वेळेची तारीख-वेळ येते. चालू डिस्कवरची यादी ही फक्त त्या डिस्कवरून उठलेल्या दिवसांची असणार. मधे जे दिवस गायब दिसतील ते दुसरीचे.

दुसरी डिस्क फक्त-वाचण्यासाठी चढवा, 'आरओ' सोबत 'नोलोड' पण द्या म्हणजे फाइल सिस्टमच्या जर्नलची (अर्धवट राहिलेल्या बदलांच्या नोंदींची) उजळणी होऊन काही लिहिलं जाणार नाही. मग त्याच कमांडला डॅश कॅपिटल डी देऊन त्या डिस्कवरचा '/व्हार/लॉग/जर्नल' दाखवा. दोन याद्या शेजारी ठेवल्या की हजेरीपट तयार.

आमच्या ऑफिसात सर्व्हरची डिस्क बदलताना असंच झालं होतं. तिथं मूळ फाइल सिस्टम नवीवर आणि '/बूट' (कर्नल ठेवायची जागा) जुन्यावर राहिलं. अपडेट टाकलं की नवा कर्नल नव्या डिस्कवर जाऊन बसायचा आणि ग्रब (लिनक्सचा बूटलोडर) बिचारा जुन्या डिस्कवरचा जुनाच कर्नल उठवायचा. काही महिन्यांनी जुन्या कर्नलची मॉड्यूल्स (सुटे ड्रायव्हर) साफ झाली आणि एका सकाळी नेटवर्क कार्डच दिसेना. कारण सापडायला दोन दिवस गेले. 'यूनेम डॅश आर'नं चालू कर्नल कुठला ते एका ओळीत सांगितलं असतं, पण ते विचारायचं सुचलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

चिल्लर
माझा पण एक. कॉलेजात असताना पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकलं, सगळं लॅपटॉपच्या डिस्कवर गेलं असं वाटलं. आठवडाभर मस्त चाललं. मग मित्राला प्रोजेक्टसाठी पेनड्राइव्ह दिला आणि लॅपटॉप मुका. बूटलोडर पेनड्राइव्हवर जाऊन बसला होता! फाइंडएमएनटी आठवडाभर सांगत होतं की सगळं लॅपटॉपवर आहे.

आता रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या संगणकावर खेळतो. पाय ४ वर '/प्रोक/डिव्हाइस-ट्री'च्या खाली 'चोझन', त्यात 'बूटलोडर', त्यात 'बूट-मोड' म्हणून फाइल असते. १ आला तर एसडी कार्ड, ४ आला तर यूएसबी. आधी कुणाला विचारायचं तो क्रम 'बूट_ऑर्डर'मध्ये, '०एक्सएफ४१' असा. तो उजवीकडून डावीकडं वाचायचा: आधी १ कार्ड, मग ४ यूएसबी, मग एफ म्हणजे परत पहिल्यापासून. मला हे उजवीकडून वाचायचं कळायला एक रात्र लागली.

अण्णामास्तर
पोरांनो, संगणकातलं मला फार कळत नाही, नातवानं धागा दाखवला. पण तुमचा घोळ ओळखीचा वाटला.

मी पस्तीस वर्षं चादरीच्या मागावर काढली. मागाच्या वर जॅकार्ड असतं, त्यात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरते. भोक असेल तिथं दोरा उचलला जातो, नसेल तिथं नाही. जाकार नावाच्या फ्रेंच माणसानं १८०४ च्या सुमारास ते यंत्र काढलं. पुढं संगणकवाल्यांनी भोकाची कार्डं त्यावरूनच घेतली असं नातू म्हणतो. तर सांगायचं असं की चादर विणून खाली आली की तिच्यावरचा मोर बघून कुठल्या माळेवरनं आला ते सांगता येत नसतंय. एकाच डिझाइनच्या दोन माळा असल्या तर अजिबात नाही. एकीत एक कार्ड फाटलेलं असलं की मोराची चोच वाकडी यायची, आणि कुठली माळ चढवलीय ते बघायला वर शिडी लावावी लागायची. शेवटी मी एका माळेत काठाजवळच्या रिकाम्या जागेत एक जादा भोक पाडून घेतलं. चादरीच्या काठाला एक ठिपका यायचा. गिऱ्हाइकाला दिसत नव्हता, मला दिसायचा.

कुर्डुवाडी_जंक्शन
अण्णा, साष्टांग. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या ठिपक्यात आहे.

टॉवेलवाले, ग्रबच्या मेनूतून कर्नलला जे शब्द जातात ते जसेच्या तसे '/प्रोक/सीएमडीलाइन'मध्ये उतरतात. कर्नलला न कळणारा शब्द दिला तरी तो अडून बसत नाही. आत्ता तुम्ही जुन्या डिस्कवर आहात ना? '/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब'मध्ये 'ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स'च्या अवतरणांत 'खूण=जुनी' असं रोमनमध्ये जोडा आणि 'अपडेट-ग्रब' चालवा. ही खूण फक्त जुन्या डिस्कवरच्या मेनूत जाईल. उद्या सकाळी सीएमडीलाइनमध्ये ती दिसली तर मेनू जुन्याचा, नाही दिसली तर एसएसडीचा. मग फाइंडएमएनटी आणि रोटा बघा.

पण उद्या बिलं कागदावर करा.

शेंगाचटणी
एवढी जासुसी कशाला? दोन्ही पुसा, एसएसडीवर कोरं उबुंटू टाका, मोकळे व्हा.

वनमाला
आणि बिलं?

शेंगाचटणी
...बरं. मागं घेतो.

जुळेसोलापूरकर
माझ्या मते चूक दुकानदाराची. क्लोन करून दिल्यावर जुनी डिस्क आत ठेवा असं सांगायचंच नाही. विंडोज असतं तर दोन डिस्कची सही सारखी दिसल्यावर त्यानं एकीला ऑफलाइन ठेवलं असतं, हा घोळ झालाच नसता.

डॉस_काळातला
दुकानदारानं भल्यासाठीच सांगितलं असेल. बॅकअप हा शब्द आपल्याकडं 'आतच पडून राहू दे' या अर्थानं वापरतात, ती सवय एकट्या त्याची नाही.

जुळेसोलापूरकर
भल्यासाठी सांगून पंधरा दिवसांची बिलं दोन ठिकाणी गेली की ओ.

टॉवेलवाला
मंडळी, सकाळी सहाला युनिटवर येऊन बसलोय. ऐका.

आधी काल रात्रीचा हजेरीपट. वनमालाताई, तुमची युक्ती अक्षरशः चालली. क्लोन केल्यापासून जुन्या डिस्कवर ११ वेळा, एसएसडीवर ३ वेळा. त्या तीनपैकी एक गुरुवार. आणि बाकीचे दोन दिवस तेच, ज्या दिवशी मशीन पळालं होतं.

आता खुणेचं. काल रात्री 'खूण=जुनी' घातली. आज बटण दाबलं आणि मशीन पळालं! म्हणलं, चला, एसएसडी. फाइंडएमएनटी म्हणतं एसएसडी, रोटा ०. मग सीएमडीलाइन उघडली.

त्यात 'खूण=जुनी'.

कुर्डुवाडी_जंक्शन
आली! कुर्डुवाडी आली! चढला जुन्या गाडीत, उतरला नव्या गाडीतून. मेनू आणि कर्नल जुन्या डिस्कवरचा, फाइल सिस्टम एसएसडीवरची.

कडकभाकरी
म्हणजे तुम्हाला तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच नाही हे पुराव्यानिशी मिळालं. आता आवराआवर:

आज कुणाला मशीनला हात लावू देऊ नका. बंद करा, डबा उघडा, जुन्या डिस्कची केबल काढा (शेंगाचटणी, तुमचा सल्ला अखेर कामाला आला). एकट्या एसएसडीवर उठतंय का बघा. मघाच्या गोंधळात बूटलोडर जुन्याचा असला तरी क्लोनमध्ये त्याची नक्कल आहे, उठायला हवं. नाही उठलं तर फर्मवेअरच्या बूटच्या यादीत एसएसडी निवडा.

मग जुनी डिस्क यूएसबीच्या डब्यात घालून, मशीन उठल्यावर जोडा, आधी नको. फक्त-वाचण्यासाठी चढवा आणि क्लोनच्या तारखेनंतर बदललेल्या फायली 'फाइंड'नं काढा. त्या वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या, सरळ वरून ओतू नका, दोन्हीकडं एकाच नावाची वेगवेगळी फाइल असू शकते. सगळं हाताशी आलं, दोनदा तपासलं, की मग जुनी डिस्क नव्यानं फॉरमॅट करा. यूयूआयडी आपोआप नवा येईल.

निशिगंधा_सातरस्ता
मग काय झालं? दोन दिवस झाले, धागा थंड.

टॉवेलवाला
माफ करा, बिलांत बुडालो होतो.

एकटी एसएसडी पहिल्या फटक्यात उठली. जुन्यावरच्या फायली वेगळ्या फोल्डरमध्ये घेतल्या. कडकभाकरींनी सांगितलं तसंच निघालं, एकाच नावाच्या वेगवेगळ्या फायली. ४१२ ते ४२६ नंबरची बिलं दोन्हीकडं आहेत, आणि दोन्ही खरी. ४१२ नंबरनं एक पार्टी हैदराबादची, दुसरी इचलकरंजीची. जीएसटीत एका आर्थिक वर्षात एक नंबर एकदाच वापरता येतो, तेव्हा आमचे सीए सध्या माझ्याशी तुटक बोलतायत. दोन्ही पार्ट्यांना फोन करून झाले.

दिवाणजींना सगळं समजावून सांगितलं आणि माफी मागितली. त्यांनी शांतपणे ड्रॉवरमधून एक वही काढली. तीन महिन्यांपासून ते प्रत्येक बिल हातानं पण उतरवून ठेवत होते, मशीनवर विश्वास नाही म्हणून. जुळवणी त्या वहीवरूनच झाली.

वनमाला
दिवाणजींना नमस्कार सांगा.

उन्हाळा_४४
उशिरा आलो, सगळं वाचायला वेळ नाही. थोडक्यात सांगा ना, कुठल्या डिव्हाइसवरून बूट झालंय ते बघायची कमांड कुठली?

कडकभाकरी
डिस्क एकच असेल तर फाइंडएमएनटी. दोन असतील तर एलएसबीएलकेचा रोटा आणि मॉडेल, सोबत ईएफआयबूटएमजीआरचं बूटकरंट. दोन असून एक दुसरीचं क्लोन असेल तर वेळ काढा आणि वरचा धागा वाचा.

शेंगाचटणी
किंवा डबा उघडा, केबल उपटा.

टॉवेलवाला
जुनी डिस्क अजून फॉरमॅट केली नाही, सीएंची परवानगी आली की करीन. तोवर दिवाणजींनी ती टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवलीय आणि वर चिठ्ठी चिकटवलीय: "लावू नये."

मशीन आता १९ सेकंदांत उठतं. चहावाल्या पोराची तक्रार आहे की सकाळचा एक चहा कमी झाला.